दगडाची खालची बाजू

नोव्हेंबरची अठ्ठावीस तारीख. महिनाअखेर जवळ आली की प्रत्येक पोलीस ठाण्यात एक काम हमखास निघतं, ते म्हणजे निर्गती. निकाली निघू शकणारे गुन्हे निकाली काढायचे आणि प्रलंबित गुन्ह्यांचा आकडा खाली आणायचा. मी सकाळपासून टेबलावरचा गठ्ठा उपसत होते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा बँकेचं लॉकर फोडणारी टोळीही पकडली. तरी माझ्या कामाबद्दल कोणी विचारलं की मी त्या दिवशीच्या गठ्ठ्यातल्या एका फाईलपासून सुरुवात करते. ती फाईल साध्या अपघाताची होती.

नावं कोणाचीच लिहीत नाही. ठाणं नागपूर जिल्ह्यातलं, नरखेडकडे जाणाऱ्या महामार्गालगतचं. मी तिथे ठाणेदार होते. अपघात होऊन चारपाच दिवस झाले होते. पंप दुरुस्त करणारा एक मिस्त्री विहिरीवरची मोटर बसवून मोटारसायकलने घरी निघाला होता. बागायतदाराने त्याला पिशवीभर संत्री दिली होती. दिवेलागणीच्या वेळी रस्त्यात उभ्या असलेल्या भरलेल्या ट्रकला तो मागून धडकला आणि जागीच गेला.

फाईलमध्ये आरोपीच्या रकान्यात त्या मिस्त्रीचंच नाव होतं.

वाचकांना हे विचित्र वाटेल, पण महामार्गावरच्या ठाण्यांत ही पद्धत जुनी आहे. मागून ठोकली त्याची चूक, हा हिशेब. मग गुन्हा मयतावरच दाखल होतो. आरोपी मेलेला असल्यामुळे खटला आपोआप संपतो. त्याला आम्ही ‘अबेट’ म्हणतो. तपास नाही, साक्षीदार नाहीत, ठाणेदाराची एक सही की फाईल बंद. महिनाअखेरीला अशा फायली सगळ्यांनाच आवडतात.

मी पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नसे. पंचनाम्यात लिहिलं होतं की ट्रकच्या मागे काही अंतरावर मोठे दगड आणि पळसाच्या फांद्या ठेवलेल्या दिसल्या. गाडी रस्त्यात बंद पडली की आपल्याकडे ड्रायव्हर मागे दगड आणि फांद्या ठेवतात. रात्री येणाऱ्याला तोच इशारा. म्हणजे ट्रकवाल्याने काळजी घेतली होती, मयताने पाहिलं नाही, असा त्याचा अर्थ निघत होता.

मी पान उलटलं तेवढ्यात बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी एका म्हातारीचा आवाज चढला.

“काहून गा हवालदार, माह्या पोरानं ट्रकले मारलं, का ट्रकनं माह्या पोराले?”

“आजी, शांत बसा जरा. म्याडम काम करून राहिल्या.”

“मंग त्याहीलेच विचारतो. मेल्यावर मानसावर केस होते का, हे मले त्याहीच्या तोंडून ऐकाचं आहे.”

मी तिला आणि तिच्यासोबतच्या बाईला आत बोलावलं. मिस्त्रीची आई आणि त्याची बायको. म्हातारी बोलत होती, बायको गप्प होती. अशा वेळी मी गप्प माणसाकडे पाहते. बोलणारा आपलं दुःख मोकळं करतो, कामाची गोष्ट बहुतेक गप्प बसलेल्याकडे असते.

“तुमचं काय म्हणणं आहे, ताई?”

“म्याडम, ते कधीच पेत नव्हते असं मी नाही म्हणत,” ती म्हणाली. “पोळ्याले, लग्नाकार्यात घेत होते. पण त्या दिवशी घेतली नव्हती. दुपारी फोनवर माह्याशी बोलले. गावात आता सगळे म्हणतात, पिऊन मेला. पोलिसांनीच केस त्याच्यावर केली म्हणते, मंग खरंच असन. पोराले शाळेत चिडवून राहिले.”

“नुकसानभरपाईचा दावा करणार आहात?”

“वकील म्हणते, नवऱ्यावरच गुन्हा आहे, दावा टिकत नाही. दाव्याचं मंग पाहू. आधी त्या कागदावरून त्याहीचं नाव काढा.”

तिच्या सासूने मध्येच तिला कोपराने ढोसलं. “दाव्याचं मंग कशाले वं? दोन्ही सांग ना.”

मला ती म्हातारी आवडली. मी दोघींना चहा पाजून परत पाठवलं. कोणतंही आश्वासन दिलं नाही. आश्वासन देणारा पोलीस पुढे सापडत नाही, हे लोकांना पक्कं माहीत असतं. सही मात्र केली नाही.

दुपारी ठाण्यातला फोन वाजला. हवालदाराने घेतला आणि माझ्याकडे दिला. “नाव नाही सांगत, म्याडम. तुमच्याशीच बोलतो म्हणते.”

पलीकडचा माणूस घाईत होता. “म्याडम, त्या संत्रावाल्या अपघाताचं बोलतो. माझी गाडी लगेच मागून आली. मी आलो तवा तो ट्रकवाला दगड ठेवून राहिला होता. मोटारसायकल आधीच पडली होती.”

“तुमचं नाव?”

“नाव कशाले पाहिजे? सांगतलं ना.” त्याच्या मागे कुणीतरी लाऊडस्पीकरवर बस फलाटावर लागल्याचं सांगत होतं. फोन बंद झाला.

दिवेलागणीला त्या रस्त्याने एसटीच्या फार फेऱ्या नाहीत. आगारात विचारलं, चालक संध्याकाळपर्यंत सापडला. मला पाहिल्यावर त्याचा चेहरा पडला.

“म्याडम, मी माणुसकी म्हणून फोन केला. साक्षीले नेऊ नका. कोर्टात गेलो का ड्युटी बुडते, अन् साहेब इकडे रागावते तो वेगळाच.”

“साहेबांना मी पत्र देते.”

“पत्रानं कोणाचा राग जाते का, म्याडम?”

त्याने जबाब दिला, पण सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं. हा साक्षीदार उलटतपासणीत टिकणार नाही, हे मला तिथेच कळलं. तो खोटा नव्हता, भित्रा होता, आणि कोर्टात दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच होतो. मला असा पुरावा हवा होता ज्याला घाबरताच येत नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदाराला घेऊन घटनास्थळी गेले. पहिला पंचनामा त्यानेच केला होता. जीपमध्ये तो फुगून बसला होता.

“म्याडम, मी जे दिसलं ते लिवलं. दगड होते म्हणून लिवलं.”

“तू बरोबरच लिहिलंस. मी तुझी चूक काढायला नाही चालले.”

“मंग काहून चाललो आपण?”

“तू दगड वरून पाहिलेस. मला ते खालून पाहायचे आहेत.”

खरं सांगायचं तर मलाही काय सापडेल याची कल्पना नव्हती. एवढंच माहीत होतं की अपघाताच्या जागी सगळ्या वस्तू एकावर एक पडतात, आणि आधी काय आणि नंतर काय हे वर काय आणि खाली काय यावरून कळतं. घरफोडीतही हेच. फुटलेल्या काचेवर कपाटातले कपडे पडले असतील तर काच आधी फुटली.

ट्रक अपघाताच्या दुसऱ्या दिवशी क्रेनने ओढून नेला होता. दगड आणि फांद्या महामार्गाच्या गस्तवाल्यांनी बाजूच्या काळ्या मातीत उचलून टाकल्या होत्या. रस्त्यावर संत्र्यांच्या साली टायरखाली सपाट होऊन डांबराला चिकटल्या होत्या. मी गावातले दोन पंच बोलावले, त्यांच्यासमोर फोटो काढायला लावले आणि पहिला दगड उलटा करवला.

हवालदार खाली वाकला. मग म्हणाला, “अरे बापा.”

दगडाच्या बुडाला संत्र्याचा चोथा वाळून घट्ट बसला होता. साल, रेषा, दोनचार बिया. त्यावर मुंग्या लागल्या होत्या. आणि त्या चोथ्यात काचेचे बारीक तुकडे रुतलेले होते. दुसरा दगड उलटा केला, तिसरा केला. सगळ्यांचं तेच. मोटारसायकल ठाण्याच्या आवारात पडून होती आणि तिच्या हेडलाइटमध्ये काच उरलेली नव्हती. तिचं पुढचं चाक ट्रकच्या मागच्या फळीखाली गेल्यामुळे मात्र गोल होतं, रिमला कुठेही पोचा नव्हता.

संत्री पिशवीतून रस्त्यावर सांडली ती धडकेनंतर. काच फुटली ती धडकेत. दगड त्या दोन्हींच्या वर बसला होता.

सगळे दगड पंचांसमक्ष जप्त केले, सीलबंद केले, काचेच्या तुलनेसाठी हेडलाइटसह प्रयोगशाळेत पाठवण्याची तयारी केली. एक दगड मात्र पाठवण्याआधी मी टेबलावर ठेवला, सीलच्या कापडासकट, कारण मला ट्रकच्या ड्रायव्हरशी बोलायचं होतं.

ड्रायव्हर कामठीचा, पन्नाशीतला, केसांना मेंदी लावलेला. तो पळून गेला नव्हता, ठाण्यात स्वतःच्या पायाने आला होता. आधी तो साक्षीदार होता, त्यामुळे आरामात बसला. मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगू दिलं. गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, गाडी कच्च्यात उतरवता आली नाही, मालकाला फोन केला, मागे दगड ठेवले, फांद्या ठेवल्या, लाल कपडाही बांधला.

आधीच्या जबाबात लाल कपडा नव्हता. लोकांना वाटतं खोटं बोलणारा माणूस अडखळतो. माझा अनुभव वेगळा आहे. खरं सांगणारा अडखळतो, कारण तो आठवत असतो. खोटं सांगणारा भर घालतो.

“गाडी कच्च्यात का नाही उतरवली?”

“काली मट्टी हाय ना म्याडम. भरलेली गाडी खाली उतरवली का बसून जाते. मंग मालक म्हणते, क्रेनचा खर्चा तुह्या बापानं द्यायचा का?”

“मागचे दिवे?”

“वायर गेली होती.”

“कधी?”

“आता... थोडे दिवस झाले.”

“मालकाला सांगितलं होतं?”

“सांगतलं होतं. म्हणे दिवाळीनंतर करू.”

“दगड कुठून आणलेस?”

“नालीच्या काठावरून.”

“एकट्याने? हे दगड मोठे आहेत.”

“हमाली केली हाय म्याडम, जवानीत.” त्यात त्याला थोडा अभिमान होता.

“ठेवून झाल्यावर धडक व्हायला किती वेळ गेला?”

“अर्धा घंटा असन.”

मी पंचांसमोर सील काढून कापड सोडलं. हवालदाराने दगड उचलून उलटा केला आणि त्याच्यासमोर ठेवला. खोलीत संत्र्याचा आंबूस वास पसरला. मी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं, आणि उत्तर म्हणजे आणखी एक भर.

त्याने खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाला, “ठेवले मीच, म्याडम. पण नंतर.”

“सांग.”

“मी केबिनमध्ये डब्बा खात होतो. धाडकन आवाज आला. उतरलो, पाह्यलं, तो खतम झाला होता. हात लावून पाह्यला, काहीच नव्हतं. तेवढ्यात मागून बस येऊन राहिली होती, लोकं भरलेली. म्हटलं आता हे बी ठोकन. पळत जाऊन दगड आणले. फांद्या तोडल्या. दुसरं काय करणार?”

“मग आधी ठेवले असं का सांगितलंस?”

“मालकाचा फोन आला. त्याले सांगतलं, दगड ठेवले. तो म्हणे, बस, आधी ठेवले सांग, तुह्यावर काही येत नाही. मी म्हटलं, हा माणूस तर मेलाच हाय. त्याले काय फरक पडते?”

हवालदार ताडकन म्हणाला, “त्याच्या घरच्याले पडते ना रे.”

एक गोष्ट इथे लिहायला हवी. त्या ड्रायव्हरने दगड ठेवले नसते तर कदाचित बसही धडकली असती. बसमधली माणसं त्याच्यामुळे वाचली. मी हे आरोपपत्राच्या वेळीही लक्षात ठेवलं होतं, पण त्याने त्याचा आधीचा निष्काळजीपणा पुसला जात नाही. मागचा दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, गाडी अर्धी रस्त्यात, आणि आपण केबिनमध्ये डबा खात बसायचं. काळजी धडकेआधी घ्यायची असते.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. म्हणून त्याच्या बोलण्यावर मी विसंबले नाही. व्हिसेराचा अहवाल आला, त्यात दारूचा अंश नव्हता. प्रयोगशाळेचा अहवाल आला, दगडाखालची काच त्याच हेडलाइटची होती. परिवहन विभागाच्या निरीक्षकाने ट्रक तपासून वायरिंग जुनं तुटलेलं असल्याचं लिहून दिलं. आमच्या वरिष्ठांनी एकदा विचारलं, “बंद होणारी फाईल उघडून ठेवायची गरज होती का?” मी म्हटलं, “सर, बंदच करतेय. फक्त आरोपी बदलून.” मयताचं नाव आरोपीच्या रकान्यातून निघालं. ड्रायव्हरवर आणि मालकावर आरोपपत्र गेलं.

फौजदारी खटला आपल्या गतीने चालत राहिला. खरी कसोटी नागपूरला मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात लागली, तीनएक वर्षांनी. तोवर माझी बदली झाली होती. समन्स आलं तशी मी गेले. मिस्त्रीची बायको आणि आई मागच्या बाकावर बसल्या होत्या. विमा कंपनीचे वकील हुशार आणि अतिशय नम्र होते. अशा वकिलांपासून मी सावध असते. त्यांचा मुद्दा एकच होता. ट्रकवाल्याने इशारा ठेवला होता, मयताने दुर्लक्ष केलं, सबब निष्काळजीपणा मयताचा.

माझ्याआधी एसटीच्या चालकाची साक्ष झाली. मला भीती होती तेच झालं. सरतपासणीत तो नीट बोलला. उलटतपासणीत वकिलांनी गोड आवाजात विचारलं, “अंधार पडला होता ना? तो माणूस दगड ठेवत होता की हलवत होता, हे तुम्हाला नक्की सांगता येईल?”

चालकाने घाम पुसला. “नक्की... नाही सांगता येत साहेब.”

मागच्या बाकावरून म्हातारीचा आवाज आला, “फोन तर मोठा करत होता.” शिपायाने तिला गप्प केलं.

मग माझा नंबर आला.

“मॅडम, घटनेच्या वेळी आपण तिथे होता?”

“नाही.”

“पंचनामा तुमच्याच हवालदाराने केला. त्यात दगड आणि फांद्या आहेत. तो खोटा आहे का?”

“नाही. खरा आहे. दगड तिथेच होते.”

“मग वाद कशाचा?”

“ते कधी ठेवले याचा.”

वकील हसले. “आणि ते तुम्हाला या चोथ्यावरून कळलं. आता माझं ऐका. दगड आधीपासून होते. संत्री त्यांच्या आजूबाजूला सांडली. दुसऱ्या दिवशी गस्तवाल्यांनी ते दगड संत्र्यांवरून ढकलत नेले. तेव्हा चोथा आणि काच बुडाला लागली. हे शक्य आहे की नाही? फक्त हो किंवा नाही म्हणा.”

प्रश्न चांगला होता. मी स्वतःला तो घटनास्थळीच विचारला होता.

“नाही.”

“का नाही?” त्यांनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की हे विचारायला नको होतं.

“दगड ढकलत नेला तर बूड घासतं. चोथा फरफटतो, काच निसटते. या दगडांना तसं एकही ओरखड्याचं चिन्ह नाही, फोटो आणि दगड दोन्ही समोर आहेत. हा चोथा एका जागी दाबून बसलाय आणि तिथेच वाळलाय. म्हणजे रस ओला असताना दगड त्यावर ठेवला आणि वाळेपर्यंत हलवला नाही. गस्तवाले आले तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार होती. तोवर रस वाळला होता. वाळलेला चोथा दगडाला नव्याने चिकटत नाही.”

“काही दगड आधी असतील आणि काही नंतर ठेवले असतील.”

“जप्त केलेल्या सगळ्या दगडांच्या बुडाला चोथा आणि काच आहे. आधीचा एकही दगड सापडला नाही. आणि तो वाटेत असता तर मोटारसायकलचं पुढचं चाक आधी त्याच्यावर आदळलं असतं. त्या चाकाच्या रिमला पोचा नाही.”

न्यायाधीशांनी दगड मागवला. शिपायाने तो दोन्ही हातांनी उचलून वर ठेवला. चोथा आता काळा पडला होता, पण काच तशीच रुतलेली होती. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. बोटाने एक काच हलवून पाहिली, ती हलली नाही. मग म्हणाले, “पुढचा प्रश्न?”

“नो फर्दर क्वेश्चन्स,” वकील म्हणाले.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात म्हातारीने माझा हात धरला. “बाई, तुम्ही त्या काळ्या कोटवाल्याले बरं पाणी पाजलं.” सून म्हणाली, “आई, कोर्टात असं नाही बोलत.” म्हातारी म्हणाली, “आता बाहेर हाय ना वं आपण.”

निकाल लागला तेव्हा मी निवृत्त होऊन काही महिने झाले होते. मिस्त्रीच्या बायकोने दुपारी फोन केला. निष्काळजीपणा ट्रकचालकाचा आणि मालकाचा ठरला होता, मयताचा काहीच नाही, दावा पूर्ण मंजूर. ती रडली नाही. म्हणाली, “वकिलाले म्हटलं, निकालातलं ते वाक्य मराठीत लिहून द्या. शाळेत दाखवाचं हाय.” मी म्हटलं, “ग्रामपंचायतीतही लावा.” तिने ते खरंच लावलं, असं नंतर कळलं.

मला त्या प्रकरणाचा अभिमान आहे, आणि तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही. बंदूक नव्हती, पाठलाग नव्हता, पेपरात चार ओळीही आल्या नाहीत. पण एका माणसाला त्याच्याच मरणाचा आरोपी केलं होतं, ते आम्ही दुरुस्त केलं, आणि तेही असं की हुशार वकिलालाही पुढे बोलता आलं नाही. या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. ठाण्यातला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब बहुतेक वेळा बरोबर असतो, म्हणूनच तो धोक्याचा असतो. ज्या दिवशी तो चुकतो, त्या दिवशी तपासायला कोणी जातच नाही. मेलेला माणूस उठून जबाब देत नाही. त्याच्या वतीने जाऊन पाहणं हे पोलिसाचं काम आहे, उपकार नाहीत.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी स्कूटरवरून भाजी आणायला निघाले. रिंग रोडवर धुकं होतं. एक ट्रक अर्धा रस्त्यात उभा होता, मागे ना दिवा ना फांदी. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता. मी स्कूटर ट्रकच्या मागे बरीच लांब लावली, इंडिकेटर चालू ठेवला आणि त्याच्याकडे गेले.

“गाडी तुझी?”

“हो. काहून?”

“मागे काही ठेवलं नाहीस.”

“चहा पिऊन ठेवतो ना बाई. तुम्ही कोण, आरटीओ का?”

“कोणी नाही. आधी ठेव. चहा मी धरते.”

त्याने टपरीवाल्याकडे पाहिलं, टपरीवाल्याने खांदे उडवले. शेवटी त्याने ग्लास माझ्या हातात दिला आणि पुटपुटत उठला. तो दगड आणि फांद्या घेऊन येईपर्यंत, त्या मला हव्या तेवढ्या अंतरावर मांडेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मग ग्लास त्याला परत दिला आणि भाजी आणायला गेले.